नख, मांस आणि डोळ्यातली बाहुली

चंदीगडहून लुधियानाच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात खरड येते. नाव ऐकून मराठी माणसाला खरडवही आठवेल, नाहीतर खरडपट्टी! पण गावाचा मान मोठा आहे. आज जिथे चंदीगड उभे आहे तो मुलूख पूर्वी अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीतच मोडत असे. आता खरड पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात आहे. इथली बोली पुआधी पंजाबी, आणि पंजाबातल्या इतर गावांसारखीच इथेही तरुणांना परदेशाची ओढ. १९८९ साली सुरू झालेली आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पंजाबात लहान मुलांनाही नावाने ठाऊक असते.

मात्र सगळेच काही कॅनडाला जात नाहीत. स्पेनमध्ये बार्सिलोना आणि तिच्या आसपासच्या गावांत पंजाब्यांची चांगली वस्ती आहे. २०१५ पासून स्पेनचे नागरिकत्व हवे असेल तर बहुतेक परदेशी माणसांना 'डेले' नावाच्या स्पॅनिश परीक्षेची निदान ए-२ पातळी पार करावी लागते. म्हणजे पंजाबी पोराला आधी इंग्रजी, मग स्पॅनिश. आणि स्पॅनिश शिकायचे तर पुस्तक हाती येते ते बहुधा इंग्रजीतून समजावणारे.

व्याकरणापुरते ते ठीक. क्रियापदे पाठ करता येतात. अडते ते वाक्प्रचारांपाशी, आणि त्यातही शरीराच्या अवयवांवरून आलेल्या वाक्प्रचारांपाशी. कारण अवयव सगळ्यांचे सारखे असले तरी प्रत्येक भाषेने त्यांना कामे वेगवेगळी वाटून दिली आहेत.

इंग्रजीत थट्टा करताना दुसऱ्याचा पाय ओढतात. स्पॅनिश माणूस त्याच थट्टेला 'तोमार एल पेलो', म्हणजे 'केस घेणे' म्हणतो. आता हे शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणून पाहा. आपल्याकडे पाय ओढतात ते वर चढणाऱ्याला खाली खेचण्यासाठी. आणि केसाने तर आपण गळा कापतो! इंग्रजीतली निरुपद्रवी चेष्टा मराठीत येईतो मत्सर होते आणि स्पॅनिशमधली विश्वासघात. मराठीत त्या जागी फिरकी घ्यावी लागते, आणि फिरकीला कुठलाच अवयव लागत नाही.

उलटही घडते. स्पेनमध्ये कुणी म्हणाले की अमक्याच्या जिभेवर केस नाहीत, तर ते कौतुक असते. माणूस स्पष्टवक्ता आहे, मनात एक आणि ओठांवर एक असे त्याचे नाही. ऐकणाऱ्या मराठी माणसाला मात्र लगेच 'जिभेला हाड नसणे' आठवणार आणि आपण वाचाळ ठरलो म्हणून त्याचा चेहरा उतरणार. चार पैसे मिळवायला परक्या मुलखात गेलेल्या माणसाला असे गैरसमज परवडत नाहीत. ज्या मालकाने शाबासकी दिली त्याच्यावरच तो रुसून बसायचा!

अशा वेळी पुस्तक सांगते, इंग्रजीत याला अमुक म्हणतात. आता खरडच्या मुलाने हा इंग्रजीचा वळसा का घ्यावा? निदान काही वाक्प्रचारांच्या बाबतीत तरी त्याची गरज नाही. त्याची पंजाबी स्पॅनिशच्या इतकी जवळ उभी आहे की मधे कुणी नसले तरच बरे.

दोन जिवलगांना, कधीच वेगळे न होणाऱ्या माणसांना स्पॅनिशमध्ये म्हणतात 'उन्या ई कार्ने', नख आणि मांस. पंजाबीत हेच 'नहुं-मास दा रिश्ता'. प्रकाशसिंग बादल अकाली दल आणि भाजपच्या युतीचे वर्णन याच शब्दांत करत. ती युती २०२० साली तुटली, वाक्प्रचार मात्र शाबूत आहे. इंग्रजीत ही प्रतिमा रुळलेली नाही. तिथे दोन माणसे कंबरेला जोडलेली असतात किंवा चोरांसारखी दाट असतात. खरडच्या मुलाने आपल्या घरातले नख-मांस बाजूला ठेवून इंग्रजीतले चोर पाठ करायचे आणि त्यांच्यामार्फत पुन्हा नख-मांसाशी पोचायचे, याला काय म्हणावे? आपल्या मराठीत नख बहुधा गळ्यालाच लागते. तेव्हा नख-मांसाच्या बाबतीत पंजाबी मुलगा मराठी मुलाच्या पुढे आहे हे कबूल करावे लागेल.

पण डोळ्यापाशी आपणही पंक्तीत येऊन बसतो. अतिशय लाडक्या माणसाला इंग्रजीत 'डोळ्यातले सफरचंद' म्हणतात. बुबुळाच्या मधला काळा ठिपका हा फळासारखा घट्ट गोळा आहे, अशी जुनी समजूत होती, त्यातून ते सफरचंद आले. स्पॅनिशमध्ये तीच लाडकी व्यक्ती 'डोळ्यातली नीन्या' असते. नीन्या म्हणजे लहान मुलगी. डोळ्यात मुलगी कशी? मराठी माणसाला हे विचारावे लागू नये, कारण त्या काळ्या ठिपक्याला आपण बाहुलीच म्हणतो. पंजाबी आणि हिंदीत ती पुतली. संस्कृतात कनीनिका, आणि या शब्दातही लहान मुलगी दडलेली आहे. लॅटिनमध्ये 'पुपिल्ला', म्हणजे पुन्हा चिमुकली मुलगी. खुद्द इंग्रजीतला 'प्युपिल' तिथूनच आलेला, पण लाड करायची वेळ आली की इंग्रजी त्या मुलीला विसरते आणि फळ पुढे करते.

कारण अगदी साधे आहे. दुसऱ्याच्या डोळ्यात जवळून पाहिले की त्या काळ्या ठिपक्यात आपलेच इवलेसे रूप दिसते. मूल मांडीवर घेतलेल्या कुठल्याही आईला ते दिसते, ती पुण्यातली असो, खरडची असो वा माद्रिदची. त्यासाठी शब्दकोश उघडावा लागत नाही. लाडक्या मुलासाठी मराठीत आणखी एक वाक्प्रचार आहे, 'तळहाताच्या फोडाप्रमाणे जपणे'. त्याला तोड इंग्रजीत नाही. दुखरी जागा आपण नकळत किती सांभाळतो, हे ज्याने पाहिले त्यालाच तो सुचू शकतो.

यकृताचेही तेच. पंजाबी माणूस धाडसी गड्याला 'वड्डे जिगरे वाला' म्हणतो, आपणही 'जिगरबाज' म्हणतो. जिगर म्हणजे यकृत. स्पॅनिशमध्ये 'ईगादोस असणे' म्हणजे हिंमत असणे, आणि ईगादोस म्हणजेही यकृतच. इंग्रजीत आता हिंमत आतड्यांत राहते.

याचा अर्थ इंग्रजीचा काहीच उपयोग नाही असे नव्हे. कुणाचा रोजगार हिरावणे याला आपण पोटावर पाय देणे म्हणतो, पंजाबीत 'ढिड्ड ते लत्त मारनी' म्हणतात. इंग्रजी आणि स्पॅनिश मात्र दोघीही तोंडातली भाकरी काढून घेतात. इथे इंग्रजीचा हात धरलेलाच चांगला. तोंडाला पाणी सुटण्याच्या बाबतीत तर चारही भाषांचे एकमत आहे.

काही ठिकाणी मात्र कुणाचाच आधार नाही, तिथे नवेच शिकावे लागते. फार बडबड करणारा माणूस स्पेनमध्ये 'कोपरांतून' बोलतो. आपल्याकडे त्याच्या जिभेचा पट्टा सुटतो, आणि कोपरापासून हात जोडायची पाळी ऐकणाऱ्यावर येते. वस्तू फार महाग पडली तर इंग्रजीत तिच्यापायी एक हात आणि एक पाय जातो, स्पॅनिशमध्ये चेहऱ्यावरचा एक डोळा. आपण काहीच देत नाही, नुसते डोळे पांढरे करतो. दिवस वाईट गेला तर स्पॅनिश माणूस म्हणतो, मी डावा पाय आधी टाकून उठलो. इंग्रज बिछान्याच्या बाजूला दोष देतो. मराठी आणि पंजाबी माणूस विचारतो, आज सकाळी कुणाचे तोंड पाहिले? म्हणजे स्पॅनिश माणसाचा दोष त्याच्याच पायाचा, आपला दोष नेहमी दुसऱ्याच्या तोंडाचा!

आणि गुपित बोलताना भिंतीला कान असतात हे मराठीत, पंजाबीत, इंग्रजीत सगळीकडे बजावतात. स्पेनमध्ये एवढेच म्हणतात की भिंती ऐकतात. त्यांना कान लागत नाहीत.