ठिणगीच्या जोरापेक्षा तिची वेळ पाहा

साठच्या दशकातल्या अमेरिकी मसल कारचा डिस्ट्रिब्युटर कुरकुरू लागला, की मालक सुट्या भागांच्या बाजाराकडे वळतो. चकाकत्या ॲल्युमिनियमच्या बॉडी, लाल-निळ्या कॅप आणि खोक्यावर ठळक छापलेला व्होल्टचा आकडा. निवड बहुधा त्या आकड्यावरच होते आणि तिथेच ती फसते, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्यावर चालवायच्या गाडीत ठिणगी किती जोरदार आहे यापेक्षा ती नेमकी कधी पडते, याला कितीतरी अधिक महत्त्व आहे. म्हणून डिस्ट्रिब्युटर निवडताना पहिला प्रश्न त्याच्या ॲडव्हान्स कर्व्हचा, म्हणजे कोणत्या वेगाला ठिणगी किती आधी पडते याचा, असायला हवा. आणि गाडीचा मूळ डिस्ट्रिब्युटर शाबूत असेल, तर नवा घेण्याआधी तोच दुरुस्त करून आपल्या इंजिनाला जुळवून घ्यायला हवा. उदाहरण म्हणून १९६९ च्या शेव्हरोले कॅमारोतले ३५० घन इंचांचे व्ही-८ इंजिन आणि त्यावरचा डेल्को-रेमीचा पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर घेऊ. आपल्याकडे ज्यांनी प्रीमियर पद्मिनी किंवा अँबेसेडर सांभाळली, त्यांना पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॅप यांची ओळख करून द्यायला नको. यंत्र तेच, फक्त चारऐवजी आठ सिलिंडरना ठिणगी पोचवायची. शिवाय कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनीच्या आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडल्या जात, त्यामुळे मुंबईच्या जुन्या मेकॅनिकांना अमेरिकी गाड्यांचे इग्निशन कधीच परके नव्हते.

या रचनेचे श्रेय चार्ल्स केटरिंग यांचे. डेटन शहरातल्या त्यांच्या डेल्को कंपनीने बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांवर चालणारे इग्निशन १९१० च्या सुमारास कॅडिलॅकला दिले आणि पुढची साठेक वर्षे मोटारी त्याच तत्त्वावर धावल्या. पॉइंट मिटलेले असताना कॉइल भरते, उघडले की ठिणगी पडते. या पद्धतीची मर्यादा खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. आठ सिलिंडरच्या इंजिनाला दर फेऱ्याला चार ठिणग्या लागतात. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला ४०० ठिणग्या, दोन ठिणग्यांच्या मध्ये अडीच मिलिसेकंद. या डिस्ट्रिब्युटरचा ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) ३० अंशांचा, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याच्या ४५ अंशांपैकी दोन-तृतीयांश. कॉइल भरायला उरतात जेमतेम १.७ मिलिसेकंद, आणि तिथे ठिणगी अशक्त होते. पण हीच गाडी हायवेवर २,५०० फेऱ्यांनी चालत असते तेव्हा कॉइलला चार मिलिसेकंद मिळतात आणि ती व्यवस्थित भरते. खोक्यावर ४०,००० व्होल्ट लिहिलेले असले, तरी प्लगची फट ओलांडायला जेवढे लागतात तेवढ्यावरच ठिणगी उडते, उरलेले व्होल्ट कामालाच येत नाहीत. मिश्रण पेटले की ठिणगीचे काम संपले.

वेळेची गोष्ट वेगळी आहे. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण क्षणात जळत नाही, ज्योत पसरायला अवधी लागतो. पिस्टन वरच्या टोकावरून नुकता खाली निघाला असताना दाब कमाल व्हावा, यासाठी ठिणगी तो वर पोचण्याआधीच पाडावी लागते. इंजिनाचा वेग वाढला की ती आणखी आधी हवी, म्हणून डिस्ट्रिब्युटरमध्ये स्प्रिंगांनी आवरलेली दोन वजने असतात. वेगाबरोबर ती बाहेर फेकली जातात आणि टायमिंग पुढे सरकतो. याशिवाय बाजूला व्हॅक्युमचा डबा असतो. ॲक्सिलरेटर हलका दाबलेला असताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असते, ते सावकाश जळते आणि त्याला जास्त आघाडी लागते. ती आघाडी हा डबा देतो आणि पाय खाली दाबताच काढून घेतो. आपल्या ३५० इंजिनाला आयडलला १२ अंशांच्या आसपास, ३,००० फेऱ्यांपर्यंत वजनांसह एकूण ३४ ते ३६ अंश, आणि हायवेवर निवांत चालताना व्हॅक्युमचे आणखी दहा-बारा अंश, असा कर्व्ह साधारणपणे मानवतो. गाडी कशी उचलते, रहदारीत तापते का, पेट्रोल किती पिते, चढावर खडखडते का, हे सगळे या तीन आकड्यांच्या मेळावर ठरते. तो मेळ चुकलेला असेल, तर जगातली सर्वांत तेजस्वी ठिणगीही चुकीच्याच वेळी पडणार.

मग फॅक्टरीने दिलेला कर्व्ह तसाच ठेवावा का? नाही, आणि याची कारणे इतिहासात आहेत. कॅलिफोर्नियाने १९६६ च्या मॉडेलांपासून आणि अमेरिकी केंद्र सरकारने १९६८ पासून धुरावर मर्यादा आणली. ती पाळण्यासाठी कारखान्यांनी अनेक इंजिनांचा आयडलचा टायमिंग मुद्दाम मागे ओढला. त्या वेळचे पेट्रोल शिसे घातलेले होते, आज पंपावर मिळते ते तसे नाही. त्यातच इतक्या वर्षांत अशा बहुतेक इंजिनांचे कॅम, कार्ब्युरेटर, हेड कधी ना कधी बदलले गेले आहेत. म्हणजे १९६९ चा कर्व्ह आजच्या त्या इंजिनाला बसेलच असे नाही. पण हाच तर्क नव्या डिस्ट्रिब्युटरलाही लागू होतो, हे मालक विसरतात. विकणाऱ्याला तुमचे इंजिन ठाऊक नसते. कोणाच्याही गाडीत नॉकिंग होऊ नये म्हणून तो बहुधा कडक स्प्रिंगा घालून सावध, आळशी कर्व्हचा माल पाठवतो, आणि मालक तो बसवून आयडलचा टायमिंग तेवढा लावून मोकळा होतो. सुधारणा जाणवली तर ती पुष्कळदा नव्या कॅपची, नव्या वायरींची आणि न डुगडुगणाऱ्या शाफ्टची असते, श्रेय मात्र व्होल्टना मिळते.

निर्णय घेण्याआधी दोन तपासण्या कराव्यात, दोन्ही तासाभरात होतात. पहिली, कॅप काढून रोटरखालचा शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून पाहणे. वरच्या बुशमध्ये खेळ जाणवला, तर पॉइंटची फट प्रत्येक सिलिंडरला वेगळी पडते आणि टायमिंग उड्या मारतो. मग कॉइल कितीही भारी असो, इंजिन एकसारखे चालणार नाही. दुसरी, व्हॅक्युमची नळी काढून तिचे तोंड बंद करणे आणि टायमिंग लाइट धरून आयडलपासून ३,००० फेऱ्यांपर्यंत हळूहळू वेग वाढवत पुलीवरची खूण पाहणे. खूण सलग सरकत जाऊन ठरावीक जागी थांबली आणि वेग उतरवताच परत आली, तर वजने आणि स्प्रिंगा धड आहेत. ती अडकली, भरकटली किंवा सरकतच राहिली, तर दोष कुठे आहे ते तिथेच कळते. एवढ्यावरून बुश, स्प्रिंगा, व्हॅक्युमचा डबा यांपैकी काय बदलायचे ते ठरते, आणि या इंजिनासाठी हे सगळे भाग आजही सुटे मिळतात. डबा निवडताना मात्र आयडलचा व्हॅक्युम मोजूनच निवडावा. भारी कॅममुळे तो पाऱ्याच्या १०-१२ इंचांवर आला असेल आणि डबा १५ इंचांवर पूर्ण ओढणारा असेल, तर आयडल कायम हेलकावत राहील.

यावर पहिला आक्षेप येतो तो पॉइंटच्या कटकटीचा. पॉइंट जळतात, त्यांचा फायबरचा ठोकळा झिजतो, फट कमी होते आणि टायमिंग नकळत मागे पडतो. हे अगदी खरे आहे. पण त्यावर उपाय म्हणून अख्खा डिस्ट्रिब्युटर फेकण्याची गरज नाही. पॉइंटच्या जागी, त्याच कॅपखाली बसणारे चुंबकीय इलेक्ट्रॉनिक ट्रिगर मिळतात. बाहेरून काही दिसत नाही आणि झिजणारा भाग जातो. यात काळाशी प्रतारणा होते असे म्हणणाऱ्यांनी आठवावे, की १९६४ पासून कॉर्व्हेटच्या ग्राहकाला जादा पैसे मोजून ट्रान्झिस्टर इग्निशन घेता येत असे, आणि १९७३ पर्यंत क्रायस्लरने आपल्या गाड्यांतून पॉइंट काढूनही टाकले होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जनरल मोटर्सने १९७५ पासून सरसकट वापरलेला एचईआय डिस्ट्रिब्युटर, ज्याची कॉइल कॅपमध्येच बसते, तो मजबूत आणि स्वस्त आहे, मग तोच का लावू नये? लावावा, जरूर लावावा, पण त्याच्या अटी पाळून. जुन्या गाडीत पॉइंट जळू नयेत म्हणून कॉइलला रोधक वायरमधून कमी व्होल्टेज दिलेले असते. एचईआयला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. ती वायर तशीच ठेवली, तर वरच्या वेगाला गाडी मिसिंग करू लागते. त्याची कॅप रुंद असते आणि कॅमारोत डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागे, फायरवॉलला लागून बसतो, त्यामुळे जागा आधी मोजावी लागते. आणि भंगारातून आणलेल्या एचईआयमध्ये १९७५ नंतरच्या, कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाचा कर्व्ह असतो. म्हणजे फिरून प्रश्न तोच येतो.

तिसरा युक्तिवाद शर्यतीचा. शर्यतीच्या गाड्यांत व्हॅक्युमचा डबा नसतो, मग आपल्याला कशाला? शर्यतीची गाडी जवळजवळ कायम पूर्ण थ्रॉटलवर असते आणि त्या स्थितीत डब्याचे काम शून्य असते. रस्त्यावरची गाडी बहुतेक वेळ अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर चालते. तिच्यावर बिनडब्याचा डिस्ट्रिब्युटर लावणे म्हणजे पेट्रोल जास्त जाळणे आणि रहदारीत इंजिन तापवणे.

नवा डिस्ट्रिब्युटर खरोखरच घ्यावा लागतो अशाही गाड्या आहेत. बॉडीला तडा गेलेला असतो, आधीच्या कोणीतरी बुशची जागा वाकडी कोरलेली असते, किंवा मूळ तुकडा केव्हाच हरवलेला असतो. तेव्हा व्होल्टआधी गिअरचा धातू विचारावा. डिस्ट्रिब्युटरचा गिअर कॅमच्या गिअरवर फिरतो आणि शाफ्टचे खालचे टोक ऑइल पंप चालवते. ओतीव लोखंडाच्या जुन्या कॅमवर साधा लोखंडी गिअर चालतो. बिलेट स्टीलच्या रोलर कॅमवर तोच गिअर खाल्ला जातो आणि त्याची भुकटी तेलातून बेअरिंगपर्यंत पोचते. तिथे कॅम बनवणाऱ्याने सांगितलेलाच गिअर हवा. ब्राँझचा असेल, तर तो झिजणार हे धरून ठरावीक काळाने बदलावा. हेड किंवा मॅनिफोल्ड घासून बसवलेले असेल, तर डिस्ट्रिब्युटर खाली टेकतो आणि गिअरवर ताण येतो, तेही मोजून पाहावे. गिअरला १३ दात असतात. विषम संख्या असल्याने तो शाफ्टवर उलटा बसवला तर अर्ध्या दाताचा फरक पडतो, म्हणून त्यावरचा खड्डा रोटरच्या टोकाच्या दिशेलाच यायला हवा. अतिस्वस्त नकलांमध्ये नेमक्या याच गोष्टींची खात्री देता येत नाही, आणि त्यांच्याबरोबर कर्व्हचा तक्ताही येत नाही. ज्याच्यासोबत तक्ता आणि बदली स्प्रिंगा मिळत नाहीत, तो डिस्ट्रिब्युटर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

राहिला खर्चाचा आणि माणसांचा प्रश्न. जुना डिस्ट्रिब्युटर उघडून नीट करायला मजुरी पडते आणि ती कधीकधी स्वस्त नव्याहून जास्त होते, हे मान्य. पण त्या मजुरीत तुमच्या इंजिनासाठी लावलेला कर्व्ह मिळतो आणि नंबर जुळणाऱ्या गाडीची किंमतही राखली जाते. मूळ तुकड्यावरचा भाग-क्रमांक आणि तारखेचा शिक्का तज्ज्ञ खरेदीदार पाहतोच. एकेकाळी मोठ्या गॅरेजांत सन कंपनीची चाचणी-यंत्रे असत. डिस्ट्रिब्युटर त्यावर चढवून फिरवला, की कोणत्या वेगाला किती अंश हे चकतीवर डोळ्यांनी दिसे आणि ड्वेल, व्हॅक्युमचा डबा, शाफ्टचा खेळ सगळे एका बैठकीत तपासून होई. ती यंत्रे आणि ती वाचू शकणारी माणसे अमेरिकेत अजून आहेत, पण त्यांची संख्या घटते आहे आणि काम आले नाही तर ती संपतील. त्यांच्याकडे डिस्ट्रिब्युटर पाठवताना कॅमचे तपशील, कॉम्प्रेशन, आयडलचा व्हॅक्युम, गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचे गुणोत्तर आणि तुमच्या पंपावरच्या पेट्रोलचा ऑक्टेन कागदावर लिहून सोबत द्यावा. एवढ्या माहितीवर कर्व्ह नीट लावता येतो.