वाळवंटातील बर्फ

“सर, आपल्याकडे त्याला वातावरण नाही!” हे वाक्य आम्ही शिक्षकांनी वर्षाकाठी किती वेळा ऐकले, याचा हिशेब ठेवला असता तर एक वही सहज भरली असती. चित्रकलेत गती असलेला मुलगा ग्रेडच्या परीक्षेस बसत नाही, कारण गावात वातावरण नाही. गळा गोड असलेली मुलगी गाणे शिकत नाही, कारण घरात वातावरण नाही. मुलांना मराठी वाचनाची गोडी लागत नाही, त्याचेही कारण तेच. जणू वातावरण ही मृगाच्या पावसासारखी आभाळातून पडणारी गोष्ट आहे. पडली तर पडली, नाही तर आपण हात बांधून ओटीवर बसावे!

या समजुतीविषयी आम्हांस आज चार शब्द लिहावयाचे आहेत. त्यासाठी आम्ही उदाहरण निवडले आहे ते फार दूरचे: अमेरिकेतील बर्फावरील हॉकीपटू ऑस्टन मॅथ्यूज याच्या उमेदवारीच्या वर्षांचे. सचिन किंवा ध्यानचंद सोडून हा परदेशी कोठून आणला, असे वाचक विचारतील. उत्तर असे, की ज्या खेळाशी आपला काडीचाही संबंध नाही, त्याच्याकडे आपण अभिमान किंवा मत्सर बाजूस ठेवून पाहू शकतो.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. हा खेळ आपल्या मैदानी हॉकीचा चुलतभाऊ म्हणावा असा आहे. गवताऐवजी बर्फ, बुटांच्या तळाशी पोलादी पाती आणि चेंडूऐवजी कठीण रबराची तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची चकती. गोलरक्षकासह प्रत्येक बाजूस सहा गडी. वीस वीस मिनिटांचे तीन डाव. रिंगण सुमारे दोनशे फूट लांब व पंच्याऐंशी फूट रुंद. कॅनडात व अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा मुले घरामागच्या तळ्यावरच हा खेळ शिकतात. तेथे वातावरण खरोखरच आभाळातून पडते.

मॅथ्यूज मात्र त्या थंड मुलखातला नव्हे. त्याचा जन्म १७ सप्टेंबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात झाला आणि तो वाढला ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहराला लागून असलेल्या स्कॉट्सडेल येथे. हा प्रदेश म्हणजे निवडुंगांचे वाळवंट. उन्हाळ्यात तेथे पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जाऊन दिवसचे दिवस तेथेच मुक्काम करतो. त्याची आई एमा ही मेक्सिकोतील एर्मोसियो शहरची, म्हणजे तीही उष्ण प्रदेशातलीच. वडील बेसबॉल खेळलेले. घराण्यात बर्फावरील हॉकी कोणी खेळले नव्हते. वातावरण नसावे ते किती, याचा हा नमुना होय.

हे आम्ही वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलाने रास्त शंका काढली, “सर, मग तेथे बर्फ वितळत नाही?” आमच्या गोमंतकातील मुलांस बर्फ म्हटला की मासळीबाजारातील पेटी आठवते, आणि त्या पेटीखालून गळणारे पाणीही! उत्तर सोपे आहे. रिंगणाच्या काँक्रीटच्या जमिनीत नळ्यांचे जाळे पुरलेले असते. त्यांतून शून्याखाली थंड केलेले खारे पाणी सतत खेळवितात. मिठामुळे ते स्वतः गोठत नाही. वर साध्या पाण्याचे पातळ थर एकावर एक देतात आणि ते गोठून सुमारे इंचभर जाडीचा बर्फ तयार होतो. बाहेर वाळू तापलेली असताना आत मुले बर्फावर धावू शकतात, ती अशी. तात्पर्य, त्या वाळवंटातील बर्फ कोणीतरी केला होता, आणि तो टिकावा म्हणून रोज कोणीतरी यंत्र चालवीत होते.

त्या बर्फामागेही एक इतिहास आहे. १९८८ साली वेन ग्रेट्स्की हा कॅनडाचा विख्यात खेळाडू एडमंटन सोडून लॉस एंजल्सच्या संघात गेला आणि उष्ण प्रदेशांतही या खेळाचे लोण पसरू लागले. १९९६ साली कॅनडातील विनिपेग या कडाक्याच्या थंडीच्या शहराचा व्यावसायिक संघ फिनिक्सला हलविण्यात आला व त्याचे नाव ‘कायोटीज’ ठेवले गेले. पुढल्याच वर्षी मॅथ्यूजचा जन्म. त्याला दोन वर्षांचा असताना घरच्यांनी सामना पाहावयास नेले. त्या वयात त्याला खेळाडूंपेक्षा मध्यंतरी बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राचेच अधिक कौतुक वाटले होते, असे सांगतात. पुढे पाच-सहा वर्षांचा झाल्यावर त्याने स्वतःच खेळण्याचा हट्ट धरला.

येथे आम्ही क्षणभर थांबू. हट्ट तर सर्वच मुले धरतात. आमच्या मते या कथेचा खरा नायक मुलाचा हट्ट नव्हे, तर त्या हट्टाला मिळालेले उत्तर होय. आईवडिलांनी स्वतःस न कळणाऱ्या खेळाचा खर्च आणि धावपळ पत्करली. जवळपास जी लहान रिंगणे होती तेथेच तो खेळला. अशा आखूड बर्फावर तीन-तीन गड्यांचे सामने चालत. जागा अपुरी, गर्दी फार. त्यामुळे हाताच्या चपळाईवाचून तेथे कोणाचे चालत नसे. पुढे त्याच्या ज्या हस्तकौशल्याची वाखाणणी झाली, त्याची तालीम या अडचणीच्या जागेत झाली. बोरिस दोरोझेन्को नावाचे मूळचे युक्रेनचे प्रशिक्षक आधी मेक्सिकोत आणि नंतर ॲरिझोनात मुलांना बर्फावर चालणे, धावणे, उड्या मारणे शिकवीत होते. त्यांच्या हाताखाली त्याची पावले पक्की झाली. युक्रेनचा गुरू, मेक्सिकोची माता, अमेरिकेचे वाळवंट आणि कॅनडाचा खेळ! वातावरण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

तथापि वाट सरळ नव्हती. २०१३ साली तो मिशिगन राज्यातील राष्ट्रीय प्रशिक्षण संघात दाखल झाला आणि दुसऱ्याच सामन्यात त्याच्या मांडीचे हाड मोडले. वाढत्या वयाच्या खेळाडूच्या नशिबी याहून वाईट काय यावे? तो बरा झाला, परतला आणि २०१४–१५ च्या हंगामात त्याने ११७ गुण मिळवून, पॅट्रिक केन या नामांकित खेळाडूने त्या संघात केलेला १०२ गुणांचा विक्रम मोडला.

त्यानंतर आडवी आली ती एक तारीख. व्यावसायिक संघ दरवर्षी नव्या खेळाडूंची निवड करतात. तिला तिकडे ‘ड्राफ्ट’ म्हणतात. २०१५ च्या निवडीसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण होणे आवश्यक होते. मॅथ्यूजचा वाढदिवस १७ सप्टेंबर. दोन दिवसांसाठी वर्ष हुकले. शाळाप्रवेशाच्या वेळी वयाचा दाखला हातात धरून कार्यालयासमोर उभे राहिलेल्या पालकांस या दोन दिवसांचे दुःख समजावून सांगण्याची गरज नाही.

बहुतेक मुले अशा वेळी कॅनडातील कुमार संघांत किंवा अमेरिकेतील विद्यापीठांत खेळतात. त्याने निराळा मार्ग धरला. तो स्वित्झर्लंडमधील झुरिक शहराच्या संघात गेला. आईही त्याच्यासोबत परक्या शहरी जाऊन राहिली. तेथे त्यास समवयस्क मुलांत नव्हे, तर पुऱ्या वाढीच्या, मुरलेल्या पुरुषांत खेळावयाचे होते. ३६ सामन्यांत त्याने २४ गोल केले व २२ गोलांस साहाय्य केले. त्या मोसमात संघाने स्विस चषकही जिंकला. वाया जाणारे वर्ष सर्वांत अधिक शिकविणारे वर्ष ठरले. आमच्या शाळेतील ज्या मुलांचे एखादे वर्ष आजारपणाने किंवा अपयशाने मागे पडले असेल, त्यांनी हे मनात जपून ठेवावे. वर्ष हुकणे आणि वर्ष वाया जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जून २०१६ मध्ये टोरांटोच्या ‘मेपल लीफ्स’ या संघाने सर्व नव्या खेळाडूंत त्याची पहिली निवड केली. जुन्या कीर्तीचा हा संघ आदल्या हंगामात तीस संघांत अगदी तळाशी होता आणि १९६७ नंतर त्याच्या हाती अजिंक्यपदाचा चषक आलेला नव्हता. १२ ऑक्टोबर २०१६ रोजी ओटावा येथे मॅथ्यूज पहिला व्यावसायिक सामना खेळला. पहिलाच फटका आणि पहिला गोल! दोन डाव संपेपर्यंत त्याचे चार गोल झाले होते. या लीगच्या अर्वाचीन इतिहासात पदार्पणातच चार गोल करणारा तो पहिलाच खेळाडू.

तो सामना टोरांटो संघ हरला. बरोबरीनंतरच्या जादा वेळात ओटावाने पाचवा गोल केला. तो करणारा खेळाडू मॅथ्यूजच्या राखणीतून सुटला होता. सामना संपल्यावर पत्रकार चार गोलांविषयी विचारीत असता या एकोणीस वर्षांच्या मुलाने सांगितले, की आपण जिंकावयास आलो होतो, ते साधले नाही आणि शेवटच्या गोलाचा दोष सर्वस्वी आपला आहे. आम्हांस त्या चार गोलांहून हे उत्तर मोठे वाटते. आमच्या स्नेहसंमेलनात किंवा सामन्यात यश आले की प्रत्येक जण आपला वाटा सांगतो. अपयश आले की तो पंचाचा, ध्वनिक्षेपकाचा नाही तर शिक्षकाचा! चार गोल करूनही पाचव्याचा दोष पदरात घेणे, हे पराक्रमाहून कठीण आहे.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे, नाही तर चित्र खोटे ठरेल. त्याच हंगामात सलग तेरा सामने त्यास एकही गोल करता आला नाही. पदार्पणात डोक्यावर घेणाऱ्या जगाने त्या दिवसांत कुजबुज केलीच असणार. परंतु हंगाम संपला तेव्हा ८२ सामन्यांत त्याच्या नावे ४० गोल होते आणि वर्षातील सर्वोत्तम नवोदितास मिळणारे ‘कॅल्डर’ पारितोषिक २०१७ साली त्याला मिळाले. संघ तळातून वर येऊन अंतिम फेऱ्यांस पात्र ठरला. मात्र पहिल्याच फेरीत वॉशिंग्टनकडून हरला. एकटा मॅथ्यूज सर्व काही करू शकला नाही, हेही मुलांनी ध्यानात ठेवावे.

आता आक्षेपांकडे वळू. कोणी म्हणेल, तो श्रीमंत देश, तेथे वाळवंटातही बर्फ करता येतो. आमच्याकडे वर्गाचे कौल गळतात! आक्षेप खरा आहे. हा खेळ अतिशय खर्चाचा आहे आणि पैशाअभावी त्या रिंगणापर्यंत न पोचलेली कितीतरी मुले त्याच शहरात असतील. दुसरा कोणी म्हणेल, की अशा एका मुलामागे हजारो मुले अयशस्वी होतात. तेही खरे. म्हणूनच “तुम्हीही मॅथ्यूज व्हा” असा उपदेश आम्ही विद्यार्थ्यांस करणार नाही. आमचे सांगणे मुलांपेक्षा वडीलधाऱ्यांस अधिक आहे: मुलाची गुणवत्ता शोधण्यापूर्वी त्याला उभे राहावयास जागा करून द्यावी. प्रत्येक जागेस लाखो रुपये लागत नाहीत. कित्येकदा एक खोली, एक कपाट आणि शनिवारची दुपार देणारा एक माणूस पुरतो.

हा आरोप आम्ही प्रथम स्वतःवरच ठेवतो. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलाने आम्हांस विचारले होते, “सर, आम्हांला रात्री नक्षत्रे दाखवाल काय?” आम्ही म्हणालो, “बाळ, शाळेत दुर्बीण नाही. येथे त्याला वातावरण नाही.” तो निमूटपणे गेला आणि त्याने पुन्हा विचारले नाही. आज कळते, की त्यास दुर्बीण नको होती. एखाद्या रात्री मैदानावर त्याच्या शेजारी उभे राहून मृग आणि रोहिणी कोणती हे सांगणारे एक मोठे माणूस हवे होते. ज्या वाक्याने या लेखाचा आरंभ झाला, ते मुलांनी आमच्याकडूनच उचलले आहे.

आम्ही घरी कोकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. दोन्ही भाषांच्या बाबतीत ‘आता वातावरण राहिले नाही’ असा उसासा आम्ही पालकसभेत ऐकतो आणि तो उसासा टाकणाऱ्यांत अनेकदा आम्हीही असतो. परंतु घरात रात्री दहा मिनिटे मोठ्याने वाचणारा बाप किंवा आजी, हाच त्या घरापुरता बर्फ नव्हे काय? ते यंत्र कोणीतरी रोज चालविले पाहिजे; एक दिवस बंद पडले की पाणी होऊ लागते.

२०२४ साली ‘कायोटीज’ संघाने ॲरिझोना सोडले आणि तेथील खेळाडू सॉल्ट लेक सिटीला गेले. त्याच वर्षी, त्या संघाचे सामने पाहत वाढलेला मॅथ्यूज टोरांटोचा कर्णधार झाला. संस्था येतात आणि जातात. त्यांनी एका मुलाच्या मनात जे पेरले ते त्यांच्या मागे राहते.

विद्यार्थिमित्रांनो, पाऊस सरला की कार्तिकातील पहिल्या शनिवारी रात्री आठ वाजता आम्ही शाळेच्या मैदानावर असू. दुर्बीण अद्याप नाही. ज्यांस नक्षत्रे पाहावयाची असतील त्यांनी पालकांची अनुमती घेऊन यावे. पालकांनी स्वतः यावे हे अधिक चांगले. आणि तो आठवीतील मुलगा, जो आता आमच्या शाळेत नाही, त्याच्या हाती हा अंक पडला, तर त्यानेही यावे. त्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे बाकी आहे.