सागाचं पान काळं काहून पडते? ठरावाआधी थोडं रानात फिरून या



येत्या ग्रामसभेत कोळशाच्या गाड्यांचा रस्ता आपल्या रानातून जाऊ द्यायचा की नाही, यावर ठराव येणार आहे. गावात आत्ताच दोन तट पडले. एक तट म्हणते, धुळीनं सगळं रान मरून राहिलं, सही करायचीच नाही. दुसरं म्हणते, धुळीचं काही नाही, हे सगळं हवामान बदलानं होते, ते सगळ्या जगात होते, मग रस्ता अडवून काय फायदा? मला दोन्ही बाजू अर्ध्या वाटतात. आणि अर्धी गोष्ट कागदावर लिहिली की साहेब लोक ती पाच मिनिटांत खोडून काढतात.

चंद्रपूर जिल्ह्याबद्दल नवीन काही सांगायची गरज नाही. एका अंगाला ताडोबाचं रान, दुसऱ्या अंगाला कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि 2920 मेगावॅटचं वीज केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाची मोजणी केली, त्यात चंद्रपूर 83.88 गुण घेऊन देशात चौथं आलं. उन्हाळ्यात पारा 46-47 ला टेकते, हे तर आपल्या अंगालाच माहीत आहे. म्हणजे आपलं झाड दोन्हीकडून मार खाते. प्रश्न असा, की कोणता मार कोणाचा हे ओळखायचं कसं?

सागापासून सुरू करू. भादवा-अश्विनात सागाचं रान दुरून पाहिलं तर करपल्यासारखं, तांबूस दिसते. लोक म्हणतात, पाहा, कारखान्याच्या धुरानं जाळलं. जवळ जाऊन पान हातात घ्या. शिरा शाबूत आणि मधला हिरवा भाग खाऊन जाळी झालेली असेल, तर ती अळी आहे. सागाची जाळी करणारी अळी पावसाळ्याच्या शेवटी शेवटी जोर धरते. दुसरी एक अळी पावसाळा सुरू होताना कोवळी पानंच्या पानं फस्त करते. केरळ वन संशोधन संस्थेनं तिच्यावर विषाणूचा उपाय शोधला आहे, पण आपल्याकडे जंगलात कोण फवारते? सागाचं झाड या अळीनं सहसा मरत नाही, फक्त त्या वर्षाची वाढ जाते. तर हा मामला धुराच्या नावावर लिहू नका. वन खात्याचा माणूस येईल, पान पाहील, 'कीड' असा शेरा मारून जाईल, आणि आपला खरा मुद्दा त्याच शेऱ्याखाली गाडला जाईल.

धूळ ओळखायला तर शाळेतलं पोरगंही पुरते. पांढरं धुतलेलं फडकं ओलं करायचं, रस्त्याच्या कडेच्या सागाची दहा पानं वरून पुसायची. दुसऱ्या फडक्यानं पाचशे पावलं आतल्या झाडांची दहा पानं पुसायची. पानं शक्यतो सारख्या वयाची आणि सारख्या उंचीवरची घ्यायची. दोन्ही फडकी शेजारी ठेवून फोटो काढायचा, तारीख लिहायची. हे डिसेंबर ते मे दर महिन्याला करायचं. सागाचं आणि पळसाचं पान खरबरीत, लव असलेलं, त्यामुळे धूळ धरून ठेवते. पाऊस पडला की धुऊन जाते, म्हणून जुलैत येणारा तपासणी अधिकारी म्हणते, "कुठं आहे धूळ?" त्याला मार्चमध्ये बोलवावं लागते.

आता धूळ झाडाला करते काय? पानाची तोंडं बुजतात असं सरसकट सांगतात. पण बहुतेक रानझाडांची तोंडं पानाच्या खालच्या अंगाला जास्त असतात, आणि धूळ मुख्यतः वरून बसते. खरं नुकसान दोन जागी होते. एक, वरचा थर उजेड अडवते, पान पुरेसं अन्न तयार करत नाही. दोन, कोळशाची काळी धूळ ऊन शोषते, पान आणखी तापते. बारीक कण खालूनही लवेत अडकतात आणि काही तोंडं नीट मिटू देत नाहीत, मग पाणी जात राहते. पाऊस नसलेल्या सहा महिन्यांत हे रोज थोडं थोडं होते. कोणतंच झाड एका दिवसात धुळीनं मरत नाही, म्हणून तं कोणी मोजत नाही.

मोहाचं दुखणं यापेक्षा मोठं आहे, आणि इथं थोडं थांबावं म्हणतो, कारण आपल्या घरात त्याचाच पैसा येते. मोहाची जुनी पानं माघ-फाल्गुनात गळतात, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे फुलं टपकतात, आणि त्याच्या आगेमागे तांबूस कोवळी पालवी फुटते. म्हणजे झाडाचं सगळ्यात नाजूक पान नेमकं कधी येते? धूळ सगळ्यात जास्त आणि ऊन सगळ्यात कडक असते तेव्हाच. तेंदूचंही तेच. नवीन पान एप्रिल-मे मधे येते, तेच आपण तोडतो, 70 पानांचा पुडा बांधतो आणि फळीवर नेतो. काळ्या डागाचं, जाड्याभरड्या धुळीचं पान फळीवर बाजूला काढतात. ते नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. धानाचं, कापसाचं नुकसान तलाठी लिहिते. मोहफुलाचं आणि तेंदूपत्त्याचं कोण लिहिते?

उन्हाचा मार वेगळा दिसते. पान कडेकडून वाळत आत येते, शेंडा वाळते, वरच्या फांद्या काटक्यासारख्या उघड्या पडतात. झाड जमिनीतून पाणी ओढते ते अखंड धारेसारखं असते. जमीन कोरडी पडली आणि हवा फार कोरडी, फार तापली तर ती धार खोडाच्या आतच तुटते, मध्ये हवेचा फुगा येते. पंपात हवा धरते ना, तसंच. धार तुटू नये म्हणून झाड पानाची तोंडं मिटून घेते. पण तोंड मिटलं की खाणंही बंद. असे दोन-तीन उन्हाळे लागोपाठ गेले तर झाड साठवलेलं खाऊन जगते, आणि मरते ते कधी कधी चांगल्या पावसाच्या वर्षी. मग लोक म्हणतात, यंदा तं पाऊस चांगला होता, मग झाड काहून मेलं? मागच्या तीन वर्षांचं उधार होतं ते.

एक गोष्ट कृषीवाल्या मित्रांकडून नेहमी ऐकतो: हवेत कार्बन वाढला म्हणजे झाडाला फुकटचं खत. हे अर्धं खरं आहे. पाणी आणि अन्नद्रव्य मुबलक असेल तर वाढ होते. तोंड मिटून बसलेल्या झाडाला कार्बनचं ताट वाढून काय उपयोग?

आता वायूचं. गंधकाचा धूर पानात शिरला की शिरांच्या मधे फिकट, मग तपकिरी चट्टे पडतात, शिरा हिरव्या राहतात. अळीनं खाल्लेल्या पानाशी गल्लत करू नका, इथं पान खाल्लेलं नसते, जागच्या जागी मेलेलं असते. ओझोनची खूण आणखी बारीक: जुन्या पानाच्या वरच्या अंगावर सुईच्या टोकाएवढे ठिपके. ओझोन चिमणीतून निघत नाही, धुरातले वायू आणि कडक ऊन मिळून तो हवेतच बनते, आणि शहरापेक्षा दूरच्या वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे आपल्यासारख्या गावावर, कधी कधी जास्त असते. गव्हाला, सोयाबीनलाही तो बाधते. पण तो डोळ्याला दिसत नाही, म्हणून कोणाच्या निवेदनात येत नाही.

आम्ल पावसाचा विषय निघते तेव्हा युरोपचं उदाहरण देतात. ते नीट पाहण्यासारखं आहे. 1980 च्या दशकात जर्मनी, पोलंड आणि चेकच्या सीमेवर कोळशाच्या धुरातल्या गंधकानं डोंगरच्या डोंगर सुकले. पुढं गंधकावर बंधन आलं आणि बरंच रान सावरलं. मग 2018 पासून लागोपाठ दुष्काळ आणि उष्णतेची वर्षं आली, कमजोर झालेल्या झाडांवर सालीखालचा भुंगा तुटून पडला, आणि 2021 पर्यंत जर्मनीत सुमारे 5 लाख हेक्टर झाडोरा गेला. पहिल्या वेळी मारेकरी धूर, दुसऱ्या वेळी ऊन आणि कीड. आपल्या शेजारी मंडला भागातही 1990 च्या दशकाच्या शेवटी सालाच्या झाडांवर खोडकिड्याची मोठी साथ आली होती. कीड दरवर्षी असते. झाड तगडं असेल तर खोडातून चीक सोडून तिला बुडवते. उपाशी, तहानलेलं झाड चीक कुठून आणणार?

आपली काळी जमीन चुनखडीची, ती आम्ल बरंच मारून टाकते, आणि आपल्या हवेतली मातीची धूळही ते काम करते. त्यामुळे युरोपसारखं मातीच विषारी झाली असं काळ्या जमिनीबद्दल म्हणू नये. लाल मुरमाड रानात मात्र तेवढा चुना नसते. तिथली माती तपासून घ्यायला हरकत नाही, तपासणीचा खर्च फार नाही.

म्हणून माझं मत. ठरावात 'प्रदूषणाने जंगल मरत आहे' असं वाक्य नको. 'हवामान बदलामुळे' असंही नको, कारण त्याचा अर्थ होते की जबाबदार कोणीच नाही. ऊन आपल्या ग्रामसभेच्या हातात नाही. धूळ आहे. उन्हानं झाड आधीच टेकीला आलं आहे, म्हणूनच त्याच्यावर धुळीचा बोजा टाकायचा नाही, हा आपला मुद्दा असावा. उन्हाचं कारण सांगून धूळ माफ होत नाही. दम्याच्या माणसाजवळ चूल पेटवून कोणी म्हणते का, याला आधीच दमा होता?

मागणी नेमकी लिहा. मोहाच्या पट्ट्यातून रस्ता नाही. कोळसा बंद पट्ट्यावरून किंवा रेल्वेनं न्या. गाडी आहे त्या रस्त्यानं गेली तरी ताडपत्री पूर्ण बांधलेली, आणि उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी दोन वेळा. हवा मोजायचं यंत्र शहरात असते, एक आपल्या रानाच्या कडेला लावा. 2009 च्या राष्ट्रीय मानकात गंधकाच्या वायूची वार्षिक मर्यादा साध्या भागासाठी 50 आणि केंद्रानं जाहीर केलेल्या पर्यावरण-संवेदनशील भागासाठी 20 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे रानाला माणसाच्या वस्तीपेक्षा कडक माप लागते, हे सरकारनं स्वतःच मानलं आहे. आपलं रान कोणत्या मापात बसते, हे लेखी विचारा. वीज केंद्रांच्या गंधकावर नियम डिसेंबर 2015 मध्ये आले, मुदत दोन वर्षांची होती, ती वाढत वाढत गेली आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. तेव्हा वरून कोणी येऊन करेल, या भरवशावर राहू नका. वनहक्क कायदा 2006 चा आहे, त्यात सामूहिक वनाचं रक्षण करायचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे.

'एका झाडाच्या बदल्यात दहा रोपं' या गाजरालाही भुलू नका. मोहाचं रोप फुलावर यायला दहा-पंधरा वर्षं घेते. पन्नास वर्षांच्या झाडाचं उत्पन्न तोवर कोण भरून देणार, हे आधी लिहून घ्या.

आणि एक गोष्ट, काही भाऊ नाराज होतील. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, ती आग रानात जाते. बुंध्याची साल भाजते, तिथून सड आत शिरते, नवीन रोपटी तर उरतच नाहीत. धूर तो धूरच. खाणवाल्यांपुढं बसायचं आणि मागं आपलंच रान पेटलेलं, तर ते बोट दाखवणारच. झाडाखाली हिरवी नेट बांधा. फुलं स्वच्छ मिळतात, भावही बरा येते. ज्या मावश्यांनी बांधली, त्यांना विचारून घ्या.

ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी सकाळी सात वाजता मारुतीच्या पारावर जमू. पांढरी फडकी, वही आणि फोटो निघणारा एक मोबाईल आणा. रस्त्याच्या कडेचे वीस मोह आणि आतले वीस मोह, खोडावर चुन्यानं नंबर टाकू. शेंडा वाळला का, पालवी किती, पानावर खूण कोणती, एवढंच लिहायचं. कृषी महाविद्यालयाची जी मुलं मुली हे वाचतात, त्यांच्यापैकी कोणी आलं तर जेवण माझ्याकडे.