शब्दविवेक : आउटराइट

हिरेबाजारात दलाल पाकीट उचलतो तेव्हा ते पुष्कळदा जांगडाने जाते. माल हातातून गेला, पण विकला गेला नाही. मालकी देणाऱ्याचीच राहिली. पसंत पडल्यास सौदा, न पडल्यास माल परत. अशाच मालाविषयी परदेशी ग्राहकाला पत्र लिहिताना पेढीवरची तरुण मंडळी कधीकधी ‘आउटराइट’ हा शब्द वापरतात. शब्द ठाम वाटतो, पत्राला वजन येते. मात्र त्या एका शब्दाने जांगड संपते आणि विक्री उभी राहते.

‘आउट’ आणि ‘राइट’ मिळून हा शब्द झाला आहे. यातील ‘राइट’ म्हणजे उजवा नव्हे, बरोबरही नव्हे. ‘सरळ’ हा त्याचा जुना अर्थ येथे टिकून आहे. सरळ बाहेर, न वळता, न थांबता, या मूळ कल्पनेतून ‘पूर्णपणे’, ‘उघडपणे’ आणि ‘तत्क्षणी’ असे तिन्ही अर्थ फुटले.

मराठीत त्याला एकच प्रतिशब्द शोधू नये. अपघातात कोणी ‘आउटराइट’ दगावला तर तो जागच्या जागी गेला. असे असत्य धडधडीत, असा नकार साफ, असे हसणे उघड. स्पर्धेतला असा विजेता म्हणजे ज्याच्या पहिल्या क्रमांकात दुसरा वाटेकरी नाही. ‘डाउनराइट’ हा त्याचा भाऊबंद बहुधा विशेषणाला जोर देतो, तोही पुष्कळदा निंदेच्या सुरात. त्याच्याने उद्धटपणा दाखवता येतो, घर खरेदी करता येत नाही.

घर ‘आउटराइट’ घेतले म्हणजे कर्ज वा हप्ते मागे न ठेवता पूर्ण किंमत देऊन घेतले. आपल्या जुन्या दस्तऐवजांत ‘कायम खरेदीखत’ आणि परत घेण्याची अट असलेली ‘मुदतखरेदी’ असा भेद असे. इंग्रजी शब्द त्यांतल्या पहिल्याच्या जवळ जातो. रिझर्व्ह बँकही सरकारी रोख्यांची ‘आउटराइट’ खरेदी आणि रेपो यांत हाच भेद करते. रेपोत रोखे परत घेण्याचा करार सौद्यातच असतो. पहिल्या प्रकारात मागे धागा उरत नाही.

कायद्याची बाजू अधिक सूक्ष्म आहे. 1930 च्या मालविक्री कायद्याच्या कलम 24 प्रमाणे पसंतीसाठी घेतलेला माल नाकारल्याचे न कळवता ठरलेल्या मुदतीपलीकडे, आणि मुदत ठरली नसल्यास वाजवी काळापलीकडे, ठेवून घेतला तर मालकी घेणाऱ्याकडे जाते. चिठ्ठीत निराळी अट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच चिठ्ठीवरचा मजकूर केवळ उपचार नसतो. म्हणजे न उच्चारलेल्या शब्दानेही विक्री पुरी होऊ शकते.

साधूंच्या आचारासाठी रचलेल्या दशवैकालिक सूत्राचा सातवा अध्याय वाक्यशुद्धीला वाहिलेला आहे. सत्य, असत्य, मिश्र आणि या दोन्हींपलीकडची, असे भाषेचे चार प्रकार त्यात मानले असून, ज्याविषयी शंका आहे ते ‘असेच आहे’ असे निश्चयाने बोलू नये, अशी मर्यादा सांगितली आहे. अर्धा सौदा पुरा म्हणून लिहिणे हे बहुधा त्यांतल्या मिश्र भाषेत मोडेल. पत्र लिहिणाऱ्याचा हेतू फसविण्याचा नसतो, हे खरेच. पण पत्र वाचणाऱ्याच्या हाती हेतू पडत नाही, शब्द पडतो. माल केवळ पाहण्यास पाठवायचा असेल तर इंग्रजीत ‘ऑन अप्रूव्हल’ असे लिहावे आणि परतीची तारीख शेजारीच घालावी.

जाता जाता एक खटकणारी गोष्ट. ‘आउटराइटली रिजेक्टेड’ असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. ‘आउटराइट’ हे स्वतःच क्रियाविशेषणही आहे, त्यामुळे त्याला ‘ली’ची शेपटी लावण्याची गरज नाही. ‘रिजेक्टेड आउटराइट’ एवढे पुरते.