मुल्किया पाहूनच चावी घ्यावी

दुबईला खरेदीस जाणारे आम्ही कापडवाले थानाचा पोत बोटांनी चोळून पाहतो, पण भाड्याची गाडी घेताना "ओळखीचा माणूस आहे" एवढ्यावर सही करतो. ही सवय आपल्या व्यापारी बांधवांनी सोडावी, असे आमचे मत आहे.

तिथे गाडीच्या नोंदणीपत्राला मुल्किया म्हणतात. उर्दूतली मिल्कियत आणि मराठीतली मालकी याच घराण्यातली, तेव्हा अर्थ वेगळा सांगायला नको. त्यावर मालकाचे नाव, नोंदणीची व विम्याची मुदत असते. मालकाचे नाव करारावरच्या कंपनीशी जुळत नसेल, तर ती कोणाची तरी खाजगी गाडी असू शकते. अशा गाडीला अपघात झाला की विमावाले हात वर करतात आणि भरपाई चालवणाऱ्याच्या गळ्यात पडते. भागीदारही गाडी चालवणार असेल तर त्याचे नाव करारात हवेच. भेटीच्या व्हिसावर असलेल्याजवळ आपल्या आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना असावा. तो एक वर्ष चालतो. ओमानला जायचे तर कंपनीची लेखी संमती आणि तिथला विमा वेगळा लागतो. अनामत म्हणून पासपोर्ट मात्र मुळीच देऊ नये.

कागद मागितला की समोरच्याला वाईट वाटते, असे काहीजण म्हणतात. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलच आहे ना? त्यावरही कोणी रागावलाच तर दुसरे दुकान गाठावे. देऱ्यात गाड्या देणाऱ्यांची कमी नाही.