बंदुकांचा लेक्क कोणी ठेवायचा?

17 सप्टेंबरला आपल्या भागात एकाच दिवसाचे सोहळे दोन नावांनी होतात. कमलनगरला ‘कल्याण कर्नाटक उत्सव’ असतो, तर उदगीर-देवणीकडे ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. नावे वेगळी असली तरी आठवण एकच आहे. 1956 पर्यंत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके आपल्या बीदर जिल्ह्यातच होते. त्यामुळे इकडची अज्जी काय आणि तिकडची आजी काय, दोघींच्या तोंडी रजाकारांच्या सारख्याच गोष्टी असत.

शाळेतल्या भाषणात मुलांना सांगितले जाते की 13 सप्टेंबर 1948 रोजी भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या. सोलापूरकडून आलेली फौज नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद अशी आपल्या रोजच्या ओळखीच्या रस्त्याने पुढे सरकली. 17 तारखेला पहाटे ती बीदरमध्ये पोहोचली. त्याच दिवशी निजामाने शरणागती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी संस्थानी फौजेचे सेनापती एल एद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शस्त्रे खाली ठेवली. मग टाळ्या होतात, खाऊ वाटला जातो आणि कार्यक्रम संपतो. पण खाली ठेवलेल्या आणि वाटेत टाकून दिलेल्या त्या शस्त्रांचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही. आज त्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे.

त्या वेळी संस्थानात शस्त्रे होती तरी किती? संस्थानी फौज वीस-बावीस हजारांची, आणि त्यातही चांगली शिकवलेली माणसे थोडीच. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रजाकारांची संख्या मात्र दोन लाखांच्या घरात असल्याचा अंदाज होता. त्यातल्या सुमारे चौथ्या हिश्शाकडे नव्या बनावटीच्या बंदुका होत्या आणि बाकीच्यांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले. शिवाय सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरून चोरून शस्त्रे आणत होता. पुढे विलायतेत त्याच्यावर खटला झाला आणि त्याला दंडही झाला. या शस्त्रांनी आपल्या भागात काय केले, हे गोरट्याच्या लोकांना विचारावे. मे 1948 मध्ये तिथे दोनशेच्या वर माणसे मारली गेल्याचे सांगतात. आज त्या गावात हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे.

राज्य कोसळले तेव्हा रजाकार ठिकठिकाणी तळ सोडून पळाले. माणूस पळाला तरी बंदूक तिथेच राहते, आणि राहिलेली बंदूक कोणीतरी उचलतो. तेलंगणात कम्युनिस्टांच्या दलांचा सशस्त्र लढा आधीच चालू होता. पळालेल्या रजाकारांची आणि पोलिसांची बरीचशी हत्यारे त्यांच्या हाती गेली. भारतीय फौज आल्यावरही तो लढा थांबला नाही. 1951 च्या ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे चार-पाच दिवसांच्या कारवाईनंतर तीन वर्षे बंदुका बोलतच होत्या.

आपल्या जिल्ह्यांत जे घडले ते याहून अवघड आहे. तेही सांगितले पाहिजे. 1948 च्या अखेरीस पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना संस्थानात पाठवले. त्यांनी गावोगाव हिंडून अहवाल दिला. कारवाईच्या वेळी आणि त्यानंतर 27 ते 40 हजार लोक मारले गेले, असा त्यांचा अंदाज होता. मारले गेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते. रजाकारांशी ज्यांचा काही संबंध नव्हता अशीही माणसे त्यात होती. सगळ्यांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे अहवालात नावानिशी दिले आहेत. ते म्हणजे उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या अहवालाबद्दल सरकारातच मतभेद होते आणि तो प्रसिद्ध झाला नाही. 2013 च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना पाहायला मिळू लागला.

आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. अहवाल म्हणतो की मुसलमानांची हत्यारे काढून घेतली गेली, पण दुसऱ्या बाजूची बऱ्याच ठिकाणी तशीच राहू दिली गेली. म्हणजे हत्यारे गोळा करण्याचे सरकारी काम एका बाजूचेच झाले. एकाच्या हातातली काठीसुद्धा काढून घ्यायची आणि दुसऱ्याच्या बंदुकीकडे बघायचे नाही, याचा परिणाम काय होतो ते आपल्याच गावांनी पाहिले. जिवाची पर्वा न करता शेजाऱ्याला आडोसा देणारी माणसेही त्या दिवसांत होती, असे तोच अहवाल सांगतो. पण शेजाऱ्याच्या भलेपणावर सोडून देण्याचे हे काम नव्हते.

कन्नडात हिशोबाला ‘लेक्क’ म्हणतात आणि मराठीत आपण ‘लेखाजोखा’ म्हणतो. दुकानदार संध्याकाळी गल्ल्याचा लेक्क करतो, तसा लढाई संपल्यावर सरकारने बंदुकांचा करायला हवा. कोणती बंदूक, तिचा नंबर काय, कोणाला दिली, परत आली का, या चार प्रश्नांची उत्तरे वहीत असली पाहिजेत. हे काम लढण्याइतके गाजत नाही. त्याला मिरवणूक नसते की पदक नसते. म्हणूनच ते मागे पडते.

हे आपल्याकडेच होते असे समजू नये. जगातल्या सर्वांत श्रीमंत सरकारचीही हीच गत झाली. 2003 मध्ये अमेरिकेने इराक घेतला आणि तिथली फौजच बरखास्त करून टाकली. सैनिक घरी गेले. दारूगोळ्याची कोठारे उघडी पडली. बगदादच्या दक्षिणेला अल काका नावाचे कोठार होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने तिथल्या जहाल स्फोटकांना आपली मोहोर लावून ठेवली होती. त्यातली सुमारे 340 टन स्फोटके जागेवर नाहीत, हे 2004 मध्ये जगाला कळले. 2007 मध्ये अमेरिकेच्याच हिशोब तपासनिसांनी सांगितले की नव्या इराकी फौजेला आणि पोलिसांना दिलेल्या 1 लाख 90 हजार रायफली-पिस्तुलांचा पत्ता लागत नाही. पुढे 2014 मध्ये मोसुल शहर पडले तेव्हा ‘इस्लामिक स्टेट’च्या अतिरेक्यांच्या हाती 2,300 हमवी गाड्या लागल्या, असे इराकच्या पंतप्रधानांनीच कबूल केले.

अफगाणिस्तानातही तेच. तिथल्या फौजेला दिलेल्या 2 लाख 42 हजार हत्यारांपैकी 87 हजारांच्या नोंदी धड नाहीत, असा इशारा त्याच तपासनिसांनी 2009 मध्ये दिला होता. त्यानंतर बारा वर्षांनी, ऑगस्ट 2021 मध्ये, काबूल पडले. अफगाण फौजेला दिलेली सुमारे 7 अब्ज डॉलर किमतीची सामग्री तिथेच राहिली, असे 2022 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने आपल्या संसदेला कळवले. बंदुकीला सरहद्द कळत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये चकमकींनंतर अमेरिकी बनावटीच्या एम-4 रायफली सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. वहीतल्या रिकाम्या रकान्यांची किंमत शेवटी हजारो मैलांवरच्या एखाद्या जवानाला मोजावी लागते. त्या जवानांत सोलापूर-लातूरचे, बीदर-गुलबर्ग्याचे असतातच.

आपल्या देशातले ताजे उदाहरण मणिपूरचे आहे. तिथे 2023 च्या दंगलीत पोलिसांची शस्त्रागारे लुटली गेली आणि सुमारे सहा हजार हत्यारे गेली. फेब्रुवारी 2025 मध्ये राज्यपालांनी ‘स्वतःहून आणून द्या, कारवाई होणार नाही’ असे आवाहन करून मुदत दिली. त्या मुदतीत हजाराच्या आसपास हत्यारे परत आली. गेलेली हत्यारे परत आणणे किती कठीण असते, हे या दोन आकड्यांवरून कळावे. कुलूप वेळेवर लावायला जेवढी मेहनत पडते, त्याच्या शंभरपट मेहनत लुटलेला माल परत आणायला लागते.

मग सरकारकडून आपण काय मागावे? पहिली गोष्ट म्हणजे शस्त्रागाराचा ताळा वरचेवर व्हावा आणि तो दुसऱ्या खात्याच्या माणसाने करावा. दुसरी, अशा तपासणीचा अहवाल विधानसभेत आणि संसदेत मांडला जावा. अमेरिकेचे चुकले, पण चुकले हे त्यांच्याच तपासनिसांनी चारचौघांत सांगितले, एवढे त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे. तिसरी गोष्ट, आणि ती आपल्या जिल्ह्यांनी जीव देऊन शिकवली आहे: हत्यारे गोळा करायची तर सगळ्यांची करावीत. नाव, जात, धर्म विचारून केलेली जप्ती ही जप्ती नव्हे.

आपल्या घरापुरते बोलायचे तर, जुन्या वाड्यांच्या माळ्यावर कुठे कुठे अजून ठासणीची बंदूक, गंजलेली तलवार किंवा काडतुसांची पेटी असते. आजोबांची आठवण म्हणून ती ठेवलेली असते. शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना संपला किंवा परवानाधारक वारला, तर बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. वारसाला हवी असेल तर त्याने स्वतःच्या नावाने परवाना मागावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका बाळगता येतात. पोलिसांकडून किंवा लष्कराकडून जबरदस्तीने हत्यार हिसकावणाऱ्याला आता किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. घर पाडताना, विहीर खणताना जुना गोळा किंवा बॉम्बसारखे काही सापडले तर त्याला हात लावू नये, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये. लांब उभे राहून 112 ला फोन करावा. लोखंड जुने झाले तरी आतली दारू जुनी झाली असेलच असे नाही.

येत्या 17 सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर मुलांना 18 तारखेच्या पुढची गोष्टही सांगावी. कन्नड शाळेत सांगावी आणि मराठी शाळेतही. रजाकारांनी काय केले ते सांगावे, त्यानंतर काय झाले तेही सांगावे. मुले विचारतील, त्या बंदुका मग कुठे गेल्या? तो प्रश्न त्यांना विचारू द्यावा. मोठी होऊन ती मतदार होतील आणि हाच प्रश्न सरकारला विचारतील, एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.