इंजिन खोलण्याआधी मोजा, आणि मोजण्याचे पैसे द्या



आपल्या बेळगावात जुन्या पिकअपवर किती घरं चालतात हे पहाटे मार्केट यार्डाजवळ उभं राहिलं की कळतं. कडोली-काकती भागातला कोबी, फ्लॉवर, मिरची भरून गाड्या जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरतात आणि गोव्यात जातात. गाडी दहा-पंधरा वर्षांची, काटा चार लाख किलोमीटरच्या आसपास. ती घाटात ओढेनाशी झाली, धूर टाकू लागली की बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं, "इंजिन काम करावं लागणार."

माझं स्पष्ट मत आहे की हे वाक्य म्हणजे निदान नव्हे, अंदाज आहे. आणि या अंदाजाचे पैसे घरातल्या एफडीतून नाहीतर बायकोच्या पाटल्यांतून जातात.

मी मेकॅनिक नाही. कॉमर्सचा पदवीधर, सगळी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. लहान वाहतूकदारांची कर्जं थकताना जवळून पाहिली. धंदा बसला म्हणून हप्ते थांबले असं कमी वेळा व्हायचं. गाडी महिनाभर गॅरेजमध्ये, खर्च ठरल्याच्या दुप्पट आणि मूळ तक्रार तशीच, असं जास्त वेळा व्हायचं.

बँकेत ट्रायल जुळली नाही तर आम्ही सगळं लेजर पुन्हा लिहायला बसत नव्हतो. आधी बेरजा तपासायच्या. मग फरकाला 9 ने भाग जातो का बघायचं. गेला तर कुठेतरी आकडे उलटे पडले असण्याची शक्यता, म्हणजे 450 चे 540. स्वस्त तपासणी आधी, महाग नंतर. इंजिनाचंही तसंच आहे.

धुराचा रंग फुकट दिसतो, पण तो नीट कुणी बघत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, टर्बोचा होज, इंजेक्टर आधी बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. त्यातही फरक आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी स्टार्टला थोडा निळा येऊन थांबला तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. लोड घेताना सतत येत असेल तर रिंगांवर. थंडीत सकाळी पांढरा येऊन गरम झाल्यावर गेला तर हीटर प्लग किंवा इंजेक्टर बघा, पण कॉम्प्रेशन कमी असलं तरी असंच होतं. गरम झाल्यावरही पांढरा राहिला, रेडिएटरचं पाणी कमी होत असलं, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असलं, तर मात्र गाडी चालवू नका.

"ओढत नाही" ही तक्रार तर कायम इंजिनाची नसतेच. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच घसरतोय. पाच-दहा किलोमीटर चालवून चाकाजवळ हात न्या. एकच चाक भाजत असेल तर ब्रेक धरून बसलाय. इंजिन बिचारं निर्दोष.

माझ्या भाच्याची गोष्ट सांगतो. 2010 ची टर्बो डिझेल, जुन्या पद्धतीच्या पंपाची, 3,80,000 किलोमीटर झालेली. म्हापशाला भाजी टाकून येताना रिकामी क्रेटं घेऊनसुद्धा घाट चढेना. काळा धूर, आणि हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल. एका गॅरेजने 90,000 चा अंदाज दिला. एफडी मोडायचा फॉर्म घेऊनच पोरगा माझ्याकडे आला. "हुंदे मामा, खोलूनच बघूया की," म्हणाला.

मी विचारलं, "कॉम्प्रेशन मोजलं का?"

"मेस्त्री म्हणतोय, चार लाखाला आलेली गाडी, मोजायचं काय त्यात?"

किलोमीटर हे वय आहे, आजार नव्हे. सत्तरी ओलांडलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

उद्यमबागेच्या बाजूला एक वयस्कर मेस्त्री आहे, त्याच्याकडे गाडी नेली. तपासायचेच 1,500 मागितले. भाचा चिडला, "नुसतं बघायचे दीड हजार?" मी देऊन टाकले. इंजिन गरम करून त्याने चारही सिलिंडरला गेज लावलं. 390, 385, 370, 380 पीएसआय. डिझेल इंजिनाला हे आकडे बरे आहेत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौघांत फार फरक नाही. एखादा बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असता तर काळजी होती. मग तो बाहेरून बघत गेला. टर्बोचा होज खालच्या बाजूने चिरलेला, एअर फिल्टर मातीने भरलेला. म्हणून काळा धूर. ब्रीदरची नळी चिकटून बंद झालेली, आत दाब साचून ऑइल सीलमधून बाहेर ढकललं जात होतं. ऑइल जळत नव्हतं, गळत होतं. खालचा भाग धुऊन गाडी फिरवून आणली तेव्हा ते डोळ्यांनी दिसलं. तपासणी धरून सगळं 9,000 च्या आत. एफडीचा फॉर्म मी कपाटात ठेवला.

आता मुख्य मुद्दा. आपण गॅरेजवाल्यांना नावं ठेवतो, पण बघण्याचे पैसे द्यायला तयार नसतो. सुटे भाग आणि मजुरी याच्याच पावतीला आपण मान देतो. मग त्याने दोन तास मोजण्यात का घालवावेत? इंजिन खोललं की त्याचं पोट भरतं, न खोलता सांगितलं तर हात हलवत बसायचं. डॉक्टरची फी, वकिलाचा सल्ला, मालमत्तेचं मूल्यांकन, सगळ्याचे पैसे आपण निमूट देतो. मेस्त्रीच्या कानाला आणि गेजलाही फी आहे, हे मान्य करायला हवं. तपासणीचे पैसे वेगळे ठरवा, आकडे कागदावर लिहून घ्या, मग दुरुस्तीचं बोला. प्रामाणिक मेस्त्रीला हे आवडतं.

मोजलं की दर वेळी गोड बातमीच येते असंही नाही. भाच्याच्या ओळखीच्या एकाची गाडी याच मेस्त्रीकडे गेली होती. पाच लाखांवर चाललेली, चढाला सतत निळा धूर. दोन सिलिंडर बरेच खाली. त्याने सिलिंडरमध्ये हवा भरून कान लावला. सायलेन्सरकडून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आला तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. इथे सूं-सूं ऑइलच्या झाकणातून येत होती. म्हणजे रिंगा, लायनर, सगळं झिजलेलं. बॉडी गंजलेली, फिटनेस दरवर्षी करायचं ते वेगळंच. घरातलं सोनं गहाण ठेवून इंजिन बांधायचा त्याचा विचार होता, तो त्याने सोडला आणि गाडी विकली. वाईट वाटलं त्याला, पण सोनं राहिलं. हाही तपासणीचाच फायदा.

एक सूचना जीवावरची आहे म्हणून लिहितो. जुन्या पंपाच्या इंजिनात एकेका इंजेक्टरच्या पाईपचा नट सैल करून कुठला सिलिंडर काम करत नाही हे मेस्त्री ओळखत. कॉमन रेलच्या गाडीत हे चालू इंजिनावर कधीही करू देऊ नका. त्यात डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो, ती धार कातडी फोडून आत शिरते. तिथे स्कॅनर लावूनच बघायचं.

गाडीत एक शंभर पानी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, डिझेल, ऑइल किती घातलं, पाणी किती घातलं, एवढंच लिहा. सहा महिन्यांनी तक्रार आली तर ती वही घेऊन मेस्त्रीकडे जा. "ऑइल लई खातंय" याला उत्तर नसतं. "मार्चपर्यंत हजाराला पाव लिटर, आता एक लिटर" याला असतं.